मोठी पट्टी

आजारपण पांगलेली माणसं एकत्र आणतं, यावर विठाबाईंची नितांत श्रद्धा होती. म्हणून त्यांनी धडधाकट कुत्रीची नसबंदी ठरवली. नीटच्या क्लासला असताना तिला रस्त्यावरून उचलून आणणारी लेक डॉक्टर होऊन पुण्याला गेली, ती दोन दिवाळ्या लातूरला फिरकली नव्हती. “पोट फाडायचंय तिचं,” असं आईनं फोनवर सांगताच लेकीनं ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून रजा टाकली. विठाबाईंनी लेकीची गादी उन्हात टाकली. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “मावशी, दुर्बिणीतून करू. दोन भोकं, दोन टाके.” “जुन्या पद्धतीनं करा की!” “अहो, दुर्बिणीसाठी लोक नांदेडहून यायलेत!” “मग पट्टी तरी मोठी बांधा.” ऑपरेशननंतर व्हिडिओ कॉलवर भलीमोठी पट्टी पाहून लेक रडवेली झाली. तेवढ्यात डॉक्टर हौसेनं डोकावले, “ताई, दुर्बिणीतून केलंय!” “मग दिवाळीलाच येते, आई,” लेक म्हणाली. कुत्री संध्याकाळी चालत घरी आली.