पन्नास फेनिगचं नाणं

अल्बममधला कप्पा रिकामा आहे हे आधी सुलेखाच्या लक्षात आलं. टेबल आवरताना पान उघडंच राहिलं होतं. तिने नवऱ्याला हाक मारली आणि सुधीर चहा तसाच टाकून आला.

बाकी सगळं जागेवर होतं. मार्काच्या नोटा, पूर्व जर्मनीची ॲल्युमिनियमची हलकी नाणी, युरो आल्यापासूनचे दरवर्षीचे संच. गेलं होतं ते एकच, १९५० सालचं पन्नास फेनिगचं, म्हणजे अर्ध्या मार्काचं. त्या वर्षी कार्ल्सरूहच्या टांकसाळीत काही नाण्यांवर जुन्याच बँकेचं नाव उमटलं होतं. एवढ्याशा चुकीपायी संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. सुधीरने ते मिळवण्यासाठी कित्येक वर्षं बाजार पालथे घातले होते.

तो म्युनिकला आला तेव्हा मार्क चालत होते. गाड्यांच्या कंपनीतला पहिला पगार त्याने मार्कातच घेतला. युरो आला तेव्हा लोक बँकांपुढे रांगा लावून मार्क बदलून घेत होते आणि हा प्रत्येक किमतीची एकेक नोट बाजूला ठेवत होता. तिथून नाद लागला. घरात ऐकणारं मात्र कोणी नव्हतं. सुलेखा अर्ध्यातून उठून कुकर बघायला जायची. इरा इथेच वाढलेली. ती 'शोन, बाबा', छान, एवढंच जर्मनमध्ये म्हणायची आणि फोनमध्ये डोकं घालायची.

मग इराने रोहनला घरी आणलं. तो साताऱ्याचा, ड्रेस्डेनला सेमीकंडक्टरमध्ये पीएचडी करणारा. पहिल्याच भेटीत तो भिंग घेऊन अल्बमवर वाकला तो जेवायची पानं वाढेपर्यंत उठला नाही. पुढच्या खेपेला तिकडच्या जुन्या बाजारातून पूर्व जर्मनीच्या नोटा शोधून घेऊन आला. दोघांनी लग्नाचं सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद सुधीरला झाला. साखरपुड्यासाठी हॉलही ठरला.

नाणं गेलं त्या रविवारी रोहन दुपारभर घरी होता. दोघांनी मिळून अल्बम पाहिले आणि संध्याकाळच्या ट्रेनने तो परत गेला. बाहेरचं दुसरं कोणी आलंच नव्हतं.

इराला सांगितलं. नीट शोधलंत का, एवढंच तिने विचारलं. मग जर्मनमध्येच म्हणाली, मी बोलते त्याच्याशी, तुम्ही फोन करू नका.

सुधीरला राहवलं नाही. त्याने फोन केलाच. ते नाणं चुकून तुझ्या सामानात गेलंय का, असं शब्द जपून विचारलं.



"इराशी बोलणं झालं का तुमचं, काका?" रोहनने विचारलं.

"मी तुला विचारतोय."

"मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

मी घेतलं नाही, असं तो एकदाही म्हणाला नाही. सुधीरला तेच लागलं. मोह झाला म्हणाला असता तर कळलं असतं. संग्राहकाला मोहाचं काय सांगायचं? नुसतं मागितलं असतं तरी त्याने आपल्या हाताने दिलं असतं.

साखरपुडा झाला नाही. इरा रडली नाही की चिडली नाही. पोरीने दगड केला स्वतःचा, असं सुलेखा सगळ्यांना सांगायची. सुधीरने मात्र मनात ठेवलं नाही. गणेशोत्सवात मंडळातल्या चार लोकांत त्याने रोहनचं नाव घेऊन सांगितलं. गोष्ट ड्रेस्डेनपर्यंत पोचली. तिथे आता रोहनला कोणी घरी बोलावत नाही, असं पुढे कानावर आलं. "बरं झालं," सुधीर म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

वर्षभराने इराने मल्हारचं नाव काढलं. तो तिच्याच ऑफिसातला, तीन-चार वर्षांच्या ओळखीचा. मुलगा चांगला होता, शांत होता. कोणी खोट काढली नाही. लग्न थाटात झालं. जावयाशी काय बोलावं हे सुधीरला सुचत नसे, म्हणून दोघं हवेबद्दल बोलत. अल्बम त्याने खाली केलरमध्ये, तळघरात, नेऊन ठेवले.

यंदा वसंतात सुलेखानेच त्याला घराबाहेर काढलं. अहो, नाण्यांचा बाजार भरलाय, नुसतं फिरून तर या, म्हणाली. सुधीर गेला आणि जुन्या नोटांच्या टेबलापाशी त्याला रोहन दिसला. त्याने पाठ फिरवली. पण रोहनच पुढे आला. चेहरा उतरला होता. काकूंचा गुडघा कसा आहे, असं त्याने विचारलं.

इतके दिवस मनात साठलेलं सुधीरच्या तोंडून निघून गेलं.

"पोटच्या पोरीपेक्षा जास्त विश्वास टाकला होता मी तुझ्यावर," तो म्हणाला. "एकदा कबूल केलं असतंस, तर मी माफ केलं असतं."



"इराने अजून सांगितलं नाही तुम्हाला?" रोहनने विचारलं.

"काय सांगायचं होतं तिने?"

"बाबा तुला सोडायला कधीच तयार होणार नाहीत, म्हणाली होती," रोहन हळू आवाजात म्हणाला. "मल्हारशी लग्न झालं की नाणं परत देते आणि सगळं सांगते, तोवर गप्प राहा म्हणाली. म्हणून राहिलो, काका."