राहिलेले डोहाळे

झेंडूच्या माळा बांधलेल्या झोपाळ्यावर निरंजन सातव्या महिन्याचं पोट सांभाळत बसला. त्याची ओटी भरायला नारळ घेऊन आलेली आई थबकली.

"अरे, तुला पदर कुठाय?"

सगळे हसले. शेजारी बसलेल्या केतकीने आपला पदर नवऱ्याच्या मांडीवर पसरला. "यात घाला, आई. मागच्या खेपेला माझी ओटी यातच भरली होतीत."

ओटी भरून होते तोवर बाबा स्वयंपाकघरातून ताट घेऊन आले. मुलाला अळूवड्यांचे डोहाळे लागले म्हणून ते महिनाभर त्या करायला शिकत होते. निरंजनने एक तोंडात टाकली आणि डोळेच मिटले.

आई बघत राहिली. "माझ्या वेळी एकदा तरी विचारलं होतंत?"

झोपाळा थांबला.

"नाही," बाबा हळूच म्हणाले. "कसले लागले होते गं तुला?"

"थालीपिठाचे. दुसऱ्या कुणीतरी थापलेल्या."

बाबांनी ताट केतकीच्या हातात दिलं. "सरक रे निरंजन, आईला बसू दे." मग ते आत वळले. "आणि भाजणीचा डबा कुठाय ते सांगू नकोस. माझा मी शोधतो."