पिवळी रेघ

"नाकावर नको, नटावर मारा उजेड, जावईबापू."

"नाकही सैल झालं असेल, बाबा. लगे हात आवळून टाका."

घरगाडीखाली पुठ्ठ्यावर उताणा पडलेला फिटर हसला. गेल्या वर्षभरात सासऱ्या-जावयात हसणं असं फारसं झालं नव्हतं.

पाण्याच्या टाकीचा पट्टा सकाळपासून खडखडत होता. फिटरनं नट आवळला, फडक्यानं पुसला. मग डबीतल्या पिवळ्या रंगात काडी बुडवून नटावरून पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"प्रत्येक नटाला मारता ही रेघ?"

"नट फिरला की रेघ तुटते. वाकून बघितलं तरी कळतं. डेपोत बसच्या चाकांना मारायचो, तेव्हापासूनची सवय. इंजिनाजवळसुद्धा उडत नाही हा रंग. नट आवळला की रेघ, आणि रेघ मारल्याशिवाय मी गाडीखालून बाहेर येत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

उजेड जरासा हलला. जावयानं टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. फिटरनं ते पाहिलं.

त्याची लेक याच गाडीत गेली होती. गाडीचं हीटर फिटरनंच बसवलं होतं. नवरा-बायको पहिल्याच सफरीवर निघाले. एका सकाळी जावई पाव आणायला म्हणून गावात गेला, परत आला तेव्हा ती पांघरुणात तशीच होती. हीटरच्या धुराची नळी फरशीखाली निसटली होती. नळीच्या पट्ट्याला दोन नट, त्यातला एक सैल, असं चौकशीत निघालं.

लोक फिटरला तोंडावर काही बोलले नाहीत. पण शेजारपाजारचे त्याच्याकडे गॅसची शेगडी दाखवायला यायचे, ते यायचे थांबले.

आणि वर्ष सरताना जावईच दारात येऊन उभा राहिला. "तिचा राहिलेला रस्ता आपण दोघं पुरा करू, बाबा. तुम्ही गाडी सांभाळा, मी चालवतो."

फिटर लगेच तयार झाला. वाटेत कधी पंप रुसायचा, कधी छताची खिडकी गळायची. तो एकेक दुरुस्त करत होता. जेवू लागला होता. जावई ताटात वाढताना म्हणायचा, "आता कसं माणसांत आल्यासारखे दिसता!"

हीटर मात्र जावयानं एकदाही लावलं नव्हतं. रात्री दोन-दोन स्वेटर घालून झोपायचा. त्याकडे फिटरचं लक्ष होतं.

"तो जुना नट मला एकदा बघायचाय," गाडीखालून बाहेर येत तो म्हणाला.

जावई टॉर्च पुसत बसला. "त्यांनी परत दिलाच नाही, बाबा. हरवला म्हणाले."

"मी आवळलेला नट सुटत नाही."

"धक्क्यांनी सुटतो हो. रस्ता काय कमी वाईट होता? तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका."

हीटर बसवलं तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. तो गाडीखाली, आणि लेक ओट्यावरून ओरडतेय, "बाबा, चहा निवतोय! आधी प्या, मग काय ते ठोका!" त्याच्या बोटांना लागलेला पिवळा रंग तिच्या कपाला लागला होता. त्यावरून तिनं त्याला किती चिडवलं होतं! तो कप त्यानं अजून धुतला नव्हता.

दुपारी झड लागली. जावई पहाटेपासून चालवत होता. मुक्कामाच्या तळावर गाडी लावली तेव्हा त्याचे दात वाजत होते.

"हीटर लावा," फिटर म्हणाला. "मी आत्ताच खाली जाऊन बघून आलोय."

जावयानं हीटरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही बघितलंय ना? मग लावतो." त्यानं स्वतःच बटण दाबलं आणि पांघरूण ओढून आडवा झाला.

फिटरनं खिडक्या लावून घेतल्या. लेकीच्या मागे जावयानं दाराजवळ विषारी वायूचा अलार्म बसवला होता, तो डबा त्यानं काढला, पुसला आणि परत जागेवर बसवला. पाण्याचे कॅन उचलले.

"बाहेर गारठा आहे," जावई डोळे न उघडताच म्हणाला. "माझं जाकीट घाला. आणि आलात की उठवा, चहा मी टाकतो."

नळ गाडीच्या जवळही होता. फिटर तळाच्या पार टोकाच्या नळावर गेला. कॅन भरले, वाहू लागले, त्यानं नळ बंद केला आणि बाजूच्या कठड्यावर बसला. झड थांबली. तळावर एकेक दिवा लागला. घरगाडीत तेवढा अंधार होता.

दुपारी त्यानं फरशीखाली नळीच्या पट्ट्याचा, निघताना स्वतःच बसवलेला नवा नट दोन आटे सैल केला होता. स्वतःच मारलेली रेघ स्वतः तोडली होती. आता घाई नव्हती. पोरीला जेवढा वेळ लागला असेल, तेवढा जाऊ द्यायचा. मूठ मात्र आवळलेलीच राहिली होती. तिच्यात अलार्मचा सेल होता.

सेल कुणाला दिसायला नको म्हणून त्यानं अंगातल्या जावयाच्या जाकिटाच्या आतल्या खिशाची चेन उघडली. बोटांना प्लॅस्टिकची पिशवी लागली. त्यानं ती दिव्याखाली धरली. पिशवीवर चौकशी कचेरीचा शिक्का होता आणि आत धुरानं काळे पडलेले दोन नट. त्यानं ते तळहातावर घेतले, थुंकी लावून अंगठ्यानं घासले. एकावर पिवळी रेघ उमटली, जशीच्या तशी. दुसरा त्यानं घासला, पुन्हा घासला, सदऱ्याच्या टोकानं आटेसुद्धा पुसून पाहिले.

दुसरा कोरा होता. त्या दिवशी पहिल्या नटानंतर तो चहा प्यायला बाहेर आला होता.