हात कुठे आहे

“श्वास सोडा,” कोचबाई म्हणाल्या.

“सोडलाय की.”

“नाही सोडलेला. गाल फुगलेत तुमचे.”

टेलरमावशी तलावाच्या उथळ टोकाला पाण्यावर उताणी पडली होती. मानेखाली सत्तरीच्या कोचबाईंचा तळवा होता, तरी अंग लाकडासारखं ताठ. उजवा हात तिने कोपरात दुमडून छातीशी घट्ट धरला होता, गर्दीत तान्हं मूल धरावं तसा. सहावा आठवडा चालू होता आणि अजून एकदाही तिला तरंगता आलं नव्हतं. काठावरच्या बाकावर सून बसली होती. मांडीवर सासूचा टॉवेल, पायाशी ऑफिसची बॅग.

मावशीचं शिवणाचं दुकान होतं, तीस वर्षांचं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिला कळायचं, याचा डावा खांदा बोटभर खाली आहे, हिच्या पाठीला बाक यायला लागलाय. “पिशवी रोज त्याच खांद्यावर घेता ना?” असं ती विचारायची आणि माणसं चाट पडायची. स्वतःचे कपडे मात्र ती एखादा जुना कपडा वर ठेवून बेतायची. स्वतःच्या अंगाला टेप लावायला तिला कधी सवड झाली नव्हती.

गेल्या वर्षी दुकानाच्या पायरीवरून ती घसरली आणि उजवा हात दंडात मोडला. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण हात काही छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून निरखून पाहिला. “सांध्याला काही झालेलं नाही. दुखेल म्हणून तुम्हीच तो धरून ठेवलाय,” ते म्हणाले. मावशीला राग आला. आपलाच हात आपण कशाला धरून ठेवू? सुनेने दुसऱ्याच दिवशी तलावाचा पास काढला.

दुकानात पंचाईत व्हायला लागली होती. समोरच्याच्या खांद्यावर टेप टाकायची तर हात वर जायला हवा. उंच गिऱ्हाइकांना ती स्टुलावर बसवून माप घ्यायची. एकदा एका वयस्कर मास्तरांनी टेपचं टोक स्वतःच खांद्यावर धरलं आणि हळूच विचारलं, “इथे बरोबर आहे का?” त्यांनी चांगुलपणानेच विचारलं होतं. पण त्या संध्याकाळी मावशीने घरात सांगून टाकलं, हा महिना संपला की दुकान पुतणीच्या हवाली करायचं. सून वाद घालत बसली नाही. “महिना संपेपर्यंत तलावावर येणं तरी सोडू नका, आई,” एवढंच म्हणाली.

महिन्याचे तीन दिवस उरले होते.

“उभ्या राहा जरा,” कोचबाई म्हणाल्या. “सुई कशी ओवता, दाखवा बघू.”

“आता पाण्यात सुई कुठून आणू?”

“आहे असं समजा.”

मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. ओल्या चिमटीत नसलेली सुई धरली, डोळे बारीक केले, नसलेला दोरा हळूहळू पुढे नेला. कोचबाई मनात आकडे मोजत होत्या.

“अठरा झाले,” त्या म्हणाल्या. “अजून श्वास घेतला नाहीत.”

मावशीचे हात जागच्या जागी थांबले. खरंच घेतला नव्हता. सुई ओवताना, काज करताना, जाड कापडात कात्री घालताना, तीस वर्षं ती श्वास कोंडून बसत आली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मग आणखी काय काय धरून ठेवलं असेल, कोण जाणे. तिला एकदम हसू आलं.

“अख्ख्या गावाची मापं घेतली मी,” ती म्हणाली, “आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला दुसऱ्याने सांगायचं.”

“झोपा आता परत,” कोचबाई म्हणाल्या.

या वेळी हसता हसताच ती मागे रेलली. श्वास आपोआप बाहेर गेला. कान पाण्याखाली गेले आणि तलावावरचे सगळे आवाज पुसले गेले. मग कुठूनतरी धप्-धप्, धप्-धप् असं ऐकू यायला लागलं. एका लयीत, शेजारच्या खोलीत कुणी संथपणे मशीन चालवत असावं तसं.

“पंप लावलात का हो?”

कोचबाई तिच्या कानाशी वाकल्या. “पंप बंद आहे. ठोके आहेत ते. तुमचेच.”

मावशीने डोळे मिटून घेतले. एवढी वर्षं हा कारभार आत चालू होता आणि तिने एकदाही कान दिला नव्हता. ती ऐकत राहिली. ठोके हळूहळू संथ झाले. श्वासाबरोबर पोट वर यायचं, खाली जायचं, आणि पाणी तिला तेवढंच उचलायचं, तेवढंच खाली सोडायचं. कोचबाईंनी मानेखालचा तळवा केव्हा काढून घेतला, तिला कळलं नाही.

सून बाकावरून उठली. काही बोलणार होती, तेवढ्यात कोचबाईंनी तिला खुणेने थांबवलं आणि त्या पुन्हा मावशीच्या कानाशी वाकल्या.

“सांगा बघू, उजवा हात कुठे आहे तुमचा?”

“छातीशी,” मावशी डोळे न उघडता म्हणाली. “जातोय कुठे?”

आणि त्याच वेळी त्या हाताच्या बोटांना गार फरशी लागली. ती तलावाच्या भिंतीची होती, आणि भिंत मावशीच्या डोक्याच्या मागे होती, चांगली हातभर लांब.