बँडवाले कुठे जेवतात

“बाकी सगळं ठीक आहे. बँड नको,” बाप्टिस्ट म्हणाला आणि त्याने लॅपटॉपचा आवाज बंद केला.

स्क्रीनवर लाल कोट घातलेली शे-दोनशे पोरं गुडघे छातीपर्यंत उचलत मैदानात शिरत होती. आवाज नव्हता, तरी सोफ्यावर बसलेल्या बेव्हर्लीचे पाय ताल धरून होते. आखातात, अल बर्शातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळ झाली होती. तिकडे अमेरिकेत सकाळ होती, आणि युनिव्हर्सिटीची ओळख करून देणारी ऑनलाइन मीटिंग आता सुरू व्हायची होती.

हे ठिकाण बेव्हर्लीने स्वतः शोधून काढलं होतं. काळ्या मुलांना दुसरं कुठलंच कॉलेज दारात उभं करत नसे, त्या काळात त्यांच्याच माणसांनी एका चर्चच्या तळघरात ते सुरू केलं होतं. आता तिथे कोणालाही प्रवेश होता, तरी विद्यार्थी बहुतेक काळेच. तिला बायोलॉजी शिकायचं होतं. पण तिने पाठवलेला ट्रम्पेटचा व्हिडिओ बघून त्यांनी स्कॉलरशिप देऊ केली होती, ती बँडमध्ये वाजवण्याच्या अटीवर. बँड नाही तर स्कॉलरशिप नाही, आणि स्कॉलरशिप नाही तर अमेरिका नाही, हे घरातल्या तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात वसईहून मावशीचा फोन आला होता, काळ्यांच्या कॉलेजात पोरीला कशाला धाडता म्हणून. बेव्हर्लीला वाटलं, झालं, आता डॅडीला आयतं कारण मिळालं. पण बाप्टिस्टने आईच्या हातातून फोन घेऊन मावशीलाच विचारलं, “आपण कुठले गोरे लागून गेलो?” मावशीने विषय बदलला.

राहिला तो बँड. बाप्टिस्ट एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर होता. लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या, गाणारे, वाजवणारे, सगळं त्याच्या डोळ्यांखालून जायचं. वाजवणारे सर्व्हिस लिफ्टने वर येतात आणि सर्व्हिस लिफ्टनेच खाली जातात, हे त्याने मुलीला ऐकवून ऐकवून तिचे कान किटवले होते. तिच्या शाळेच्या एकाही कॉन्सर्टला तो आला नव्हता. दर वेळी ड्यूटी निघायची. झुंबरांखाली वावरून वावरून डॅडी शिष्ट झालाय, असं बेव्हर्लीने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून वाईटही वाटायचं.

“डॅडी, इट्स नॉट अ वेडिंग बँड,” ती म्हणाली.

आधी ऐकून तर घे, असं इनेजने नवऱ्याला समजावलं. लेकीचं आणि नवऱ्याचं वाजलं की मध्ये पडायचं काम तिचंच होतं. बाप्टिस्ट नाइलाजाने खुर्ची ओढून बसला.

“मी त्यांना एक प्रश्न विचारणार. उत्तर पटलं तर जा. नाही पटलं तर खलास, पुन्हा विषय काढायचा नाही.”

मीटिंग सुरू झाली. एका मुलीने हॉस्टेल दाखवलं आणि आपली आजीही ह्याच इमारतीत राहून शिकली, असं सांगितलं. एका मुलाने सांगितलं, शाळेत वर्गात तो एकटाच काळा होता, त्यामुळे हात वर करण्याआधी दहादा विचार करायचा. इथे आल्यावर ती सवय कधी सुटली, ते त्याला कळलंही नाही. मग बँडचे प्रमुख आले. डॉक्टर हॉलिस, सत्तरीचे, पांढऱ्या केसांचे. फुटबॉलच्या मॅचला लोक बँडसाठीच येतात, बँड वाजवून झाला की अर्धं स्टेडियम घरी जातं, असं त्यांनी मिस्कीलपणे सांगितलं. कोणाला काही विचारायचंय का, असं म्हणून ते थांबले.

बाप्टिस्टने शर्टाची कॉलर सारखी केली आणि माइक चालू केला.

“सर, मोठं फंक्शन असतं, तेव्हा बँडवाले कुठे जेवतात?”

बेव्हर्लीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्क्रीनवरच्या चौकोनांतून हसू पसरलं. मघाचा मुलगा नम्रपणे सांगू लागला की मेस रात्री उशिरापर्यंत उघडी असते, व्हेजही मिळतं. बाप्टिस्टने त्याला थांबवलं. मेसचं नाही, पाहुणे जेवायला बसलेले असतात तेव्हाचं विचारतोय, असं त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

डॉक्टर हॉलिस हसले नव्हते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. त्यांचे वडील हॉटेलांतून सॅक्सोफोन वाजवायचे, असं ते म्हणाले. हॉलमध्ये गोरे लोक नाचायचे आणि वडील मागे किचनमध्ये उभ्या उभ्या जेवायचे. पुढे वडील ह्याच कॉलेजात शिकवायला लागले, आणि तेव्हापासून इथे एक रिवाज पडलाय.

“बँडची मुलं टेबलावर बसल्याशिवाय इथे कोणी ताटाला हात लावत नाही, सर. कॉलेजचे प्रेसिडेंटसुद्धा थांबतात.”

बाप्टिस्टने मान हलवली.

“ओके. माझी मुलगी येईल.”

बेव्हर्लीचा विश्वासच बसेना. इतक्या वर्षांचे तंटेबखेडे, आणि जेवणाच्या एका प्रश्नावर मिटले. ती आईकडे वळली, तर आई डोळे पुसत होती.

“सर,” डॉक्टर हॉलिसनी हळूच विचारलं, “तुम्ही काय वाजवायचा?”

डॅडी काहीच वाजवत नाही, तो बँक्वेट मॅनेजर आहे, हे सांगायला बेव्हर्लीने तोंड उघडलं. तेवढ्यात इनेजने तिचा हात घट्ट दाबला.

“ट्रम्पेट,” बाप्टिस्ट म्हणाला. “मुंबईत, लग्नाच्या वराती असायच्या. घोड्याला आमच्या आधी खायला घालायचे.”