नानबाचं पहिलं हसू

अमेरिकेतल्या आम्हा नवाहो आदिवासींकडे बाळाला पहिल्यांदा जो खळखळून हसवेल, त्यानेच सगळ्या गोतावळ्याला मटणाचं जेवण घालायचं असतं. त्यामुळे माझी लेक नानबा तीन महिन्यांची झाली, तसा माझा थोरला भाऊ लीलंड तिच्याकडे पाठ करूनच बसायला लागला. पहिल्यापासूनच महाचिक्कू. "तिला लांब ठेव गं माझ्यापासून," म्हणायचा, "माझ्या मेंढ्या काय झाडाला लागतात?"

परवा दुपारी मी आणि आई अंगणात मक्याची कणसं सोलत होतो. आतून नानबाचं खिदळणं ऐकू आलं. धावत गेलो, तर तिच्यासमोर लीलंड एकटाच, डोक्यावर हॅट उलटी.

"मी काहीच केलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. "मला नुसती शिंक आली."

"शिंकेने हॅट उलटी होते, दादा?"

"झाली! माझं नशीबच फुटकं. कापा आता माझी मेंढी!"

आई मेंढी निवडायला म्हणून वाड्याकडे गेली आणि लगेच परत आली.

"लीलंड, सगळ्यात गलेलठ्ठ मेंढी वेगळी बांधून तिला मका चारतोयस, तो कशासाठी रे?"

लीलंडने हॅट सरळ केली. मग नानबाकडे बघत पुटपुटला, "रोज येऊन शिंकत होतो. हसतच नव्हती कार्टी!"