वगळलेला आवाज

वॉर्डात कुणीही खोकलं की छतातलं यंत्र आवाजावरून क्षय आहे का ते ओळखायचं आणि असला तर लाल दिवा लावायचं. मनोरुग्णालयात तेवढीच करमणूक. यमुनाक्का क्षयाच्या खोकल्याची अशी हुबेहूब नक्कल करायच्या, की तीनदा दिवा लागला आणि तीनदा थुंकी निर्दोष निघाली. शेवटी वैतागून सिस्टर लोखंडेंनी यंत्राला अक्कांचा आवाज वगळायला शिकवलं.

आज अक्का खोकल्या आणि बाहीवर रक्त आलं.

“कधीपासून खोकताय, अक्का?” सिस्टरांनी विचारलं.

“दिवाळीपासून. तुझा दिवा लागेना, मग म्हटलं, हाही आपला भासच.”

“आणि रोज तुमच्याजवळ कोण कोण बसतं?”

“सगळ्याच की गं पोरी. चाळीसजणींच्या वेण्या मीच घालते ना.”